करडईच्या तेलातला पहिला अंक

जुन्या चित्रकथांचा अंक कसा पारखायचा हे मला एका दातांच्या डॉक्टरांनी शिकवलं आणि बैल कसा पारखायचा हे आबांनी. दोन्ही विद्या मी अकरा वर्षांची असताना एकाच उन्हाळ्यात पदरात पडल्या. पुढे मी आयुष्यभर नर्सची नोकरी केली, त्यामुळे दोन्हींचा उपयोग शून्य. तरी त्या उन्हाळ्याचं लिहून ठेवते, कारण तेव्हाची माणसं आता फारशी उरली नाहीत आणि जी आहेत ती हे सगळं आपापल्या सोयीनं सांगतात.

आमचं घर कडेगावच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यात. घरात माझे आईवडील, काकी, मी आणि आबा, म्हणजे माझे आजोबा. सकाळी विहिरीवरचं इंजिन सुरू झालं की घरालाही जाग यायची. आई आणि काकी शेजारी शेजारी दोन चुलींवर भाकरी थापायच्या. आईची थाप सावकाश, काकीची घाईची; डोळे मिटूनही कुणाची भाकरी तव्यावर गेली ते मला कळायचं. काकीला घाई कसली असायची ते काही कळायचं नाही. तिचा नवरा, म्हणजे माझे काका, फौजेत होते आणि वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे. येताना प्रत्येक मोठ्या स्टेशनवर गाडी थांबली की उतरून हिंदी चित्रकथांचे अंक विकत घ्यायचे आणि घरी ते एका काळ्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायचे. ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं नाव आणि फौजी नंबर. "माज्या ट्रंकंला कुनी हात लावायचा न्हाई," हे परत जाताना एस.टी.च्या खिडकीतून ओरडून सांगायचे. एस.टी. वळणाआड गेली की काकी घरी येऊन ट्रंक उघडायची.

दुपारची जेवणं झाली की मी वाचायची आणि बाकीचे ऐकायचे. आबांना अक्षर येत नव्हतं. चित्र मात्र ते माझ्याआधी वाचायचे. हिंदीतलं वाक्य मी मराठीत सांगायची आणि तेवढ्यात आबांचं बोट पुढच्या चौकटीवर गेलेलं असायचं, "ह्यो मागनं येतोय बघ, ह्यो खंजीरवाला." आबा आमच्या भागातले नावाजलेले बैलपारखी होते. खरसुंडीच्या जत्रेत बैल घेणारे त्यांना मुद्दाम बरोबर न्यायचे. त्यामुळे चित्रातल्या माणसाचीही चाल, खांदा आणि नजर बघून ते त्याची लायकी ठरवायचे, आणि सहसा चुकायचे नाहीत.

त्यांचा जीव अडकला होता तो एका आरमारी कॅप्टनच्या गोष्टीत. त्या मालिकेचा पहिलाच अंक काकांनी आणला होता. खलनायक कॅप्टनला समुद्राच्या तळाशी एका लोखंडी खोलीत कोंडतो आणि पाणी सोडतो. पाणी गुडघ्याला, मग कमरेला, मग छातीला. शेवटच्या चित्रात ते हनुवटीला लागलेलं, कॅप्टनचे डोळे विस्फारलेले, आणि खाली लिहिलेलं की पुढचं पुढच्या अंकात. पुढचा अंक ट्रंकेत नव्हता. काकांना पत्र घातलं, तर उत्तर आलं की मलाही मिळाला नाही, शोधतो. असं करत वर्ष उलटलं. आबा रोज संध्याकाळी विहिरीवरून आले की पाय धुताना एकदा तरी म्हणायचे, "त्यो कप्तान अजून पान्यातच उभा हाय बाय." काकीचं मत होतं की त्याची बायको येऊन दार उघडणार. माझ्या वडिलांचं मत, सरकार बोट पाठवील. आबांना दोन्ही पटायचं नाही. "गडी खांद्यानं मजबूत हाय. कुनाची वाट बघायचा न्हाई. पर करनार काय, ते कळाया पायजे."

अशात आबांची दाढ दुखायला लागली. गाल सुजून पेरूएवढा झाला. आठ दिवस त्यांनी हुलग्याच्या माडग्यावर काढले, लवंगा धरल्या, कुणीतरी सांगितलं म्हणून रुईचा चीकही लावून बघितला आणि तोंड पोळून घेतलं. शेवटी वडिलांनी त्यांना सांगलीला पाठवायचं ठरवलं. सोबत मी, कारण मला पाट्या वाचता येत होत्या आणि शाळेला सुट्टी होती.

डॉक्टर नातूंचा दवाखाना पेठेत, एका लाकडी जिन्यावर. बाहेरच्या खोलीत बाकडी आणि भिंतीला काचेचं कपाट. कपाटात औषधं असतील म्हणून मी बघायला गेले तर आत चित्रकथा. प्रत्येक अंक वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, मागे पुठ्ठा, कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या. आणि दुसऱ्या फळीवर, माझ्या नाकासमोर, आमचा कॅप्टन. मुखपृष्ठावर तीच लोखंडी खोली आणि वर मोठा दोनाचा आकडा.

मी तशीच आत धावले. आबा खुर्चीत आडवे, तोंड उघडं, आत डॉक्टरांचा छोटा आरसा.

"आबा! दुसरा अंक हाय हितं! कप्तानाचा!"

आबांनी उठायचा प्रयत्न केला. डॉक्टरांनी त्यांना खांदा धरून दाबलं आणि मला म्हणाले, "तो बघायचा असेल तर काचेतून बघायचा."

"आमच्याकडं पहिला हाय," मी म्हटलं.

डॉक्टरांचा हात थांबला. आरसा आबांच्या तोंडातच राहिला. "पहिला? मुखपृष्ठासकट?"

त्यानंतरचा अर्धा तास आबा तोंड उघडं ठेवून पडले होते आणि डॉक्टर मला अंकाची पारख शिकवत होते. डॉक्टर चाळिशीचे, बारीक अंगाचे, बिनलग्नाचे. दाताबद्दल बोलताना त्यांचा आवाज झोपाळू असायचा; आता तो शाळेतल्या पोरासारखा झाला. त्यांनी एक अंक चिमट्यानं उचलून दाखवला. आधी पाठ बघायची, म्हणजे अंक जिथे दुमडतो ती कड. तिथे उघडून उघडून पांढऱ्या रेघा पडतात, त्या मोजायच्या. मग टाचण्या, म्हणजे पानं एकत्र धरणाऱ्या तारा. टाचणीला गंज असेल तर तो कागदात उतरतो, तपकिरी डाग दिसतो. मग चार कोपरे. टोकदार असले तर उत्तम, गोलावले की प्रत उतरली. मग पानाचा रंग: दुधासारखा, सायीसारखा, की गुळासारखा. कूपन कापलेलं नसावं, शाईनं नाव नसावं, चिकटपट्टी तर अजिबात नसावी. मग वास घ्यायचा. ओल लागलेला अंक नाकाला कळतो. या सगळ्यावरून दर्जा ठरायचा: अव्वल, उत्तम, चांगला, बरा आणि रद्दी. प्रत्येक अंकाची नोंद डॉक्टर दवाखान्याच्याच कार्डावर करायचे, ज्यावर वरच्या आणि खालच्या दातांची चित्रं छापलेली असत. अंकात जिथे दोष तिथल्या दातावर फुली.

"दुसरा अंक अव्वल आहे," ते म्हणाले. "मुंबईहून मागवला. अजून एकदाही उघडलेला नाही."

आबांनी स्वतःच्या हातानं तोंडातला आरसा काढला. "म्हंजे तुमी त्यो वाचला न्हाई?"

"वाचला तर पाठीवर रेघ पडेल, आजोबा."

"कुनी वाचलंच न्हाई त्ये पुस्तक लय भारी?"

"अगदी बरोबर."

"मग छापत्यात कशाला?"

डॉक्टरांनी चिमट्यातला अंक पिशवीत सरकवला. हल्ली माझा भाचा मला फोनवर दाखवतो, परदेशात म्हणे असे अंक कडक प्लास्टिकच्या डबीत कायमचे बंद करतात आणि वर आकडा लिहितात. ते बघितलं की मला आबांचा प्रश्न आठवतो आणि त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही असंच वाटतं.

सौदा असा ठरला: पहिला अंक 'चांगला' किंवा त्याहून वरच्या दर्जाचा असेल तर त्याच्या बदल्यात दुसरा आम्हाला. दुसरा पुन्हा कुठे तरी मिळेल, पहिला मिळत नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं. दाढेची सूज उतरायला गोळ्या दिल्या आणि आठ दिवसांनी दाढ काढायला बोलावलं. जिना उतरताना मी म्हटलं, "आबा, पर अंक काकांचा हाय." आबा गालावर हात धरून म्हणाले, "आनि काका कुनाचा हाय?"

घरी येऊन मी ट्रंकेतला अंक काढला आणि नव्या नजरेनं बघितला. वर्षभर सगळ्या घरानं हाताळलेला. पाठीवर सात रेघा. मागच्या पानावर काकीच्या अंगठ्याचा खर्ड्याचा ठसा. दसऱ्याला पाटीपूजनात शाळेच्या पुस्तकांबरोबर तोही मांडलेला, म्हणून कोपऱ्यात हळदीकुंकवाची बोटं. टाचण्या मात्र स्वच्छ आणि पानं सायीच्या रंगाची. मी खोडरबरानं हलक्या हातानं ठसा पुसला. हळद गेली नाही, फिकी झाली. मग दोन पुठ्ठ्यांत अंक घालून तो मसाल्याच्या पाट्याखाली ठेवला. आठ दिवस आईनं वाटण वाटलं की पाट्याखाली पाणी तर गेलं नाही ना ते मी वाकून बघायची, पण अंक सपाट झाला. माझ्या हिशेबानं 'बरा' नक्की, आणि डॉक्टर खुशीत असले तर 'चांगला'. आबा रोज विचारायचे, "जमंल न्हवं?" मी म्हणायची, "जमंल. फक्त त्येला आता कुनी हात लावू नगा."

जायच्या दिवशी सकाळी मी आंघोळीला गेले तेवढाच वेळ आबांना मिळाला. परत आले तर त्यांनी अंक पंच्यात गुंडाळून काखेत घेतला होता. "म्या धरतो. तू पाडशील." पलूसपर्यंत एस.टी.त उभं राहावं लागलं. तेलाचा वास येत होता, पण एस.टी.त निम्म्या डोक्यांना तेलच असतं, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

डॉक्टरांनी टेबल पुसून वर पांढरा रुमाल अंथरला होता. आबांनी पंचा उलगडला आणि अंक त्यावर ठेवून एक पाऊल मागे सरले, जसे जत्रेत बैल उभा करून सरतात.

मुखपृष्ठ झळकत होतं. इतकं झळकत होतं की त्यातून आतल्या पानावरचा खलनायक आरपार दिसत होता. चारही कोपरे एकसारखे गोल कापलेले. रुमालावर हळूहळू पिवळा डाग पसरायला लागला.

"हे काय आहे?" डॉक्टर हळूच म्हणाले.

"त्याल. करडीचं. घान्यावरचं हाय, दुकानातलं न्हवं."

"आणि कोपरे?"

"तासलं. टोकं दुमडलीवती. बाजाराला न्येताना शिंगं तासून त्याल लावत्यात, मग जनावराला तेज येतं. आलं का न्हाई?"

"आबा," मी ओरडले, "आवं काय केलंसा ह्ये!"

डॉक्टरांनी एक कार्ड घेतलं. वरच्या दातांवर फुल्या मारल्या, मग खालच्या दातांवर, आणि मग फुल्या मारायचं सोडून संपूर्ण जबड्यावर एक आडवी रेघ ओढली. खाली लिहिलं, रद्दी. उठून हात साबणानं धुतले, कोपरापर्यंत.

आबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचं तोंड त्या वेळी सुजेशिवायही वाकडं दिसत होतं. "पोरी, म्या घालवलं काय?" त्यांनी विचारलं. मी पाठ फिरवली. अकरा वर्षांच्या वयात माणूस फार कठोर असतो, आणि मला खरोखरच त्यांचा राग आला होता.

"बसा खुर्चीत," डॉक्टर म्हणाले. "दाढ काढून टाकू."

आबा बसले, आडवे झाले आणि त्यांनी ओठ मिटले. डॉक्टरांनी आरसा पुढे केला. ओठ मिटलेलेच. हनुवटीला बोट लावलं. काही नाही.

"आजोबा, आत पू आहे. तोंड उघडा."

आबा दातांमधूनच बोलले, "तुमी त्येचं उघडा, मग मी माजं उघडतो."

"कुणाचं?"

"कपाटातल्याचं. आमाला घरला न्यायचं न्हाई. फकस्त ही पोरगी वाचंल आनि मी आयकीन. हितंच."

"ते शक्य नाही. अव्वल अंक आहे तो."

"कप्तान वरीसभर पान्यात हाय," आबा म्हणाले, "माजी दाढ अजून थोडी दुखली तर काय बिघडतंय?" आणि पुन्हा ओठ मिटले.

बाहेर दुसरा एक पेशंट गाल धरून कण्हत होता. डॉक्टर हाताची घडी घालून उभे राहिले. आबा छताकडे बघत होते. बराच वेळ गेला. तेव्हा, दुसरं काही करायला नव्हतं म्हणून असेल, डॉक्टरांनी टेबलावरचा आमचा तेलकट अंक उचलला. चिमटा घेतला नाही, सरळ हातानं उचलला. आता त्याला जपायचं काहीच कारण नव्हतं. त्यांनी तो सपाट उघडला, अगदी पाठ मोडून, आणि वाचायला लागले.

एवढ्या वर्षांत स्वतःच्या आवडीची चित्रकथा त्यांनी अशी उघडून वाचली नसावी. पहिली दोन पानं उभ्यानं वाचली. मग स्टूल ओढलं. पाणी गुडघ्याला आलं तसे ते पुढे झुकले. कमरेला आलं तेव्हा बाहेरचा पेशंट दारात येऊन "डॉक्टरसाहेब, लय ठणका मारतोय हो," म्हणाला, त्याला त्यांनी न बघताच लवंगेच्या तेलाचा बोळा दिला. शेवटचं पान उलटलं, पुढे काही नाही असं बघितलं आणि मान वर केली.

"मग?" डॉक्टर म्हणाले.

"मग काय?" आबा म्हणाले. "मगचं तुमच्या कपाटात हाय."

डॉक्टरांनी तेलाचे हात पुन्हा धुतले, पुसले, किल्ली आणली. पिशवीतून अंक बाहेर काढताना त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. अंक त्यांनी माझ्या हातात दिला नाही. स्वतः धरला, मी शेजारून वाचायचं. उघडला तेव्हा टाचण्या कट्ट वाजल्या आणि डॉक्टरांनी डोळे मिटले. मग मी वाचायला लागले. पाणी ओठांना लागलं. खलनायक काचेतून हसला. पाणी नाकाला लागलं. कॅप्टननं शेवटचा श्वास घेतला. आबांनी माझं मनगट धरलं. मी शेजारच्या पानावर गेले, आणि कॅप्टन कोरडे कपडे घालून एका मोठ्या साहेबाबरोबर टेबलाशी बसून चहा पीत होता.

"मागं जा," आबा म्हणाले. "काय तरी सुटलं."

मी मागे गेले. चौदावं पान. पुढे एकोणिसावं. डॉक्टरांनी अंक स्वतःकडे ओढला, भिंगाखाली धरला. मधल्या जागी टाचण्यांची वाकलेली टोकं होती आणि त्यांत काहीच अडकवलेलं नव्हतं. अंकाचा मधला कागदच नव्हता. छापखान्यातच राहिला असेल, किंवा मुंबईच्या विक्रेत्याकडे कुणी काढून घेतला असेल, देव जाणे. चार पानं, आणि नेमकी तीच.

आबा खुर्चीत उठून बसले. "पानं किती पायजेत?"

"बत्तीस," डॉक्टर म्हणाले.

"हायत किती?"

"अठ्ठावीस."

"चार कमी." आबांनी डॉक्टरांकडे असं बघितलं की मला डॉक्टरांची दया आली. "आवं डाक्टर, जत्रंत शेंबडं पोरगं बी पैलं जबडा उघडून दात मोजतंय. आनि तुमी, दाताचं डाक्टर, त्वांड न उघडताच जनावर दावनीला बांधलं?"

डॉक्टरांनी दुसऱ्या अंकाचं कार्ड काढलं. त्याच्यावर एकही फुली नव्हती. कार्डाकडे बघता बघता ते एकदम हसायला लागले. इतके हसले की बाहेरचा पेशंट पुन्हा डोकावला आणि घाबरून मागे झाला. आबांनी आपला शब्द पाळला. तोंड उघडलं, दाढ निघाली. निघताना त्यांनी डॉक्टरांचा हात पंच्याखाली घेतला आणि बैलाच्या सौद्यात दाबतात तशी त्यांची बोटं दाबली, कारण तोंडात बोळा असल्यामुळे बोलता येत नव्हतं. डॉक्टरांना बोटांची भाषा कळली नाही, मी सांगितलं: तुमचा बोळका आमाला, आमचा तेलकट तुमाला. डॉक्टर हो म्हणाले. आमचा पहिला अंक त्यांनी कपाटात ठेवला नाही, टेबलाच्या खणात ठेवला. वाचायला हाताशी.

दुसऱ्या दिवशी बोळा निघाला आणि घरचे सगळे चुलीपाशी गोळा झाले. कप्तान सुटला का, काकीनं विचारलं. आबांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. "सुटला," ते म्हणाले. "ह्या आपल्या शालननं वाचून दावलं न्हवं? आगं, त्यो विहिरीत पवायला शिकलेला गडी. पान्याला कशाला भितोय? पानी चढंल तसा त्यो बी वर चढला, तरंगत. छताला डोकं लागलं. तिथं झाकान व्हतं. त्येला त्यानं खांदा लावला, दार अडलं की बैल लावतोय तसा, आनि दिलं उडवून." काकी म्हणाली, "आगाई!" मी चुलीत लाकूड सारलं. पुढच्या दोन महिन्यांत त्या झाकणाला आधी कुलूप आलं, मग साखळी, आणि शेवटी वर बसलेला एक मोठा मासा.

काका सुट्टीवर आले तेव्हा मी दोन दिवस त्यांच्यासमोर गेले नाही. ट्रंकेतला पहिला अंक गेलेला, त्याच्या जागी मधली पानं नसलेला दुसरा. तिसऱ्या दिवशी जेवताना आबांनीच विषय काढला. कप्तान कसा सुटला ते सुरुवातीपासून सांगितलं, मासा धरून. काका भाकरी मोडत ऐकत होते. सगळं झाल्यावर म्हणाले, "व्हय आबा. म्या वाचला की. गेल्या महिन्यात, मेरठला हास्पिटलात, एका शिपायाकडं व्हता. अक्षी असंच झालं."

"बघ!" आबा काकीला म्हणाले. "म्या सांगत नव्हतो? गडी खांद्याचा."

काका हात धुवायला मोरीपाशी गेले तशी मी मागोमाग गेले आणि हळूच विचारलं, "काका, खरं काय झालं वो?"

काकांनी आधी चुलीकडे बघितलं. आबा काकीला मासा किती मोठा होता ते दोन्ही हातांनी दाखवत होते.

"आत नळ व्हता," काका म्हणाले. "त्यानं बंद केला."

"मग चार पानं कशाला लागली?"

"तीन पानं नळ शोधत व्हता," काका म्हणाले आणि माझ्या हातातला तांब्या घेऊन चूळ भरली.